राज्याचा पैसा, गावाचे पाणी : प्रस्तावना

मुंबईत किंवा पुण्यात नोकरी करणाऱ्या माणसाच्या पगारातून दरमहा दोनशे रुपये व्यवसाय कर कापला जातो, फेब्रुवारीत तीनशे. हा कर सुरू कशासाठी झाला, हे आज फारच थोड्यांना ठाऊक असते. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्र होरपळला आणि १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. मागेल त्याला काम देण्याची योजना विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी आधीच तासगाव तालुक्यातल्या विसापूर परिसरात करून पाहिली होती. ती राज्यभर चालवायची तर दरवर्षी खात्रीचा पैसा हवा होता. त्यासाठी १९७५ मध्ये शहरी नोकरदार आणि व्यावसायिकांवर हा कर बसला आणि तेवढीच रक्कम राज्याने आपल्या तिजोरीतून घालायची असे ठरले. रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये विधिमंडळात संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. शहरातल्या पगारातून निघालेला पैसा माण, जत, आष्टी, पाथर्डीच्या बांधांवर आणि पाझर तलावांवर गेला.

या पुस्तकाचा विषय इथून सुरू होतो. राज्य सरकार, जिल्हा नियोजन समिती, जिल्हा परिषद आणि महापालिका यांच्या तिजोरीतून माती, पाणी, झाडे, कचरा, हवा आणि किनारा यांच्या स्थानिक कामांसाठी पैसा कसा येतो, कोणत्या अटींवर येतो आणि शेवटी जमिनीवर काय उभे राहते, हा तो विषय. मराठीत त्यावर लिहिले गेले नाही असे नाही. पण ते लेखन दोन टोकांना आहे. एका बाजूला आदर्श गावांच्या यशोगाथा, दुसऱ्या बाजूला घोटाळ्यांच्या बातम्या. यशोगाथेत नेता दिसतो, बातमीत ठेकेदार दिसतो. शासन निर्णय, लेखाशीर्ष, तांत्रिक मान्यता, मोजमाप पुस्तिका आणि मार्चअखेरची बिले या वाटेने चालणारा पैसा दोन्हीकडे दिसत नाही. माझी खात्री अशी, की गावाचे पर्यावरण कसे घडले वा बिघडले हे समजून घ्यायचे तर आधी ही वाट पाहावी लागते. पैशाला जी अट लावलेली असते तिच्याप्रमाणे काम आकार घेते. गावाची गरज बऱ्याचदा त्यामागून येते.

मागे जाऊन पाहिले तर सरकारने माती-पाण्याची कामे करावीत ही मागणी बरीच जुनी आहे. महात्मा फुले यांनी १८८३ मध्ये ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये सरकारने आपले फौज-पोलीस कामाला लावून ताली-बंधारे बांधावेत, पावसाचे पाणी शेतात मुरवावे, असे सुचवले होते. मुंबई प्रांताने १९४२ मध्ये जमीन सुधारणा योजनांचा कायदा केला आणि त्याखाली समतल बांधबंदिस्ती सुरू झाली. त्या कामांत शेतकऱ्याला फारसे विचारले जात नसे. बांध समपातळीवर जाई, शेताची हद्द दुसरीकडे असे, आणि दोन-चार वर्षांत शेतकरी तो नांगरून टाकी. सरकारी पैशाने झालेले काम ज्याच्या रानात झाले त्याला आपले वाटले नाही तर काय होते, याचा हा महाराष्ट्रातला पहिला मोठा धडा. तो आपण पूर्ण शिकलो असे मला आजही म्हणवत नाही.

रोजगार हमीचा पैसा मजुरीसाठी होता आणि ते योग्यच होते. उपाशी माणसाला काम देणे हे पहिले कर्तव्य. पण खर्चाचा मोठा वाटा अकुशल मजुरीवर गेला पाहिजे ही अट असल्यावर कोणती कामे पुढे येतात, ते पाहा. खडी फोडणे, रस्त्यावर माती टाकणे, पाझर तलावाची भिंत उभारणे. भिंतीखाली खडक कसा आहे, पाणी मुरेल की नुसते साठून उन्हात आटेल, हा प्रश्न मजुरांच्या हजेरीपटात बसत नव्हता. बेसॉल्टच्या या प्रदेशात दोन मैलांवर खडकाचा स्वभाव बदलतो. एका तलावाखालच्या विहिरी भरतात, दुसऱ्याखालच्या कोरड्या राहतात. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा १९७२ मध्येच स्थापन झाली होती, तरी जागा ठरवताना तिचे म्हणणे शेवटचे नसे. पाऊस पडला की मजूर शेताकडे वळत आणि अर्धवट कामे तशीच राहत. असे असले तरी या योजनेने माणसे जगवली आणि माळरानांवर पहिल्यांदा पाणी अडवले. तिच्यावर टीका करताना हे विसरून चालणार नाही.

१९८० च्या दशकात सर्वंकष पाणलोट क्षेत्र विकास कार्यक्रम आला आणि सुटी कामे करण्याऐवजी अख्ख्या पाणलोटाचा एकत्र विचार सुरू झाला. ‘माथा ते पायथा’ हे तत्त्व त्या काळात रुजले : आधी डोंगरमाथ्यावर सलग समतल चर आणि झाडे, मग उतारावर बांध, आणि सगळ्यात शेवटी ओढ्यावर सिमेंट बंधारा. जलसंधारणाचे स्वतंत्र खाते १९९२ मध्ये झाले. पण खात्यांची हद्द पाण्याला माहीत नसते. माथा वन विभागाचा, मधला उतार कृषी विभागाचा, ओढा लघुसिंचनाचा, आणि प्रत्येकाचे लेखाशीर्ष वेगळे. यातले एखादे मार्चमध्ये रिकामे असले की क्रम मोडतो आणि बंधारा चराच्या आधी होतो. तो पहिल्याच पावसाळ्यात गाळाने भरतो.

याच सुमारास दुसरी विचारधारा वाढत होती आणि तिचे मूळ सरकारी कार्यालयात नव्हते. पुरंदर तालुक्यातल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाण्याचा वाटा जमिनीवर न ठरवता घरातल्या माणसांवर ठरवायचा, भूमिहीनालाही हक्क द्यायचा, ऊस घ्यायचा नाही, आणि खर्चातला आपला वाटा सभासदांनी स्वतः उचलायचा. राळेगणसिद्धीत अण्णा हजारे यांनी श्रमदान, कुऱ्हाडबंदी, चराईबंदीचे नियम गावाकडून पाळून घेतले. त्याच धर्तीवर १९९२ मध्ये राज्याने आदर्श गाव योजना आणली, आणि त्या योजनेतून पोपटराव पवारांचे हिवरे बाजार पुढे आले. तिथली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट मला बंधाऱ्यांहूनही पाण्याचा ताळेबंद वाटते. पाऊस किती झाला, पिण्याला आणि जनावरांना किती लागेल, उरलेल्यात कोणते पीक बसते, हे ग्रामसभा दरवर्षी ठरवते. इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमानेही असाच मार्ग धरला. गावाने आधी श्रमदान करून दाखवायचे, चराई-कुऱ्हाडबंदी पाळायची, आणि मगच पैसा गाव पाणलोट समितीच्या खात्यावर यायचा. फादर हर्मन बाखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घालून दिलेली ही शिस्त पुढे नाबार्डच्या पाणलोट विकास निधीतही आली. इथे अट गावाने पाळायची होती आणि पैसा तिच्यामागून येत होता. त्यामुळे या पद्धतीला वेळ लागतो. एका आर्थिक वर्षात ती बसत नाही, आणि म्हणूनच मंत्रालयाला ती कायम अवघड वाटली.

तिसरी विचारधारा स्पर्धेची. २०००-०१ मध्ये ग्रामविकास मंत्री आर. आर. पाटील यांच्या काळात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले आणि अनुदानाच्या जागी बक्षीस आले. थोड्या सरकारी पैशात गावोगाव झाडू हातात घेतला गेला, हे मान्यच करायला हवे. पुढे २०१० मध्ये पर्यावरण संतुलित समृद्ध ग्राम योजना आली. झाडे लावणे, हागणदारीमुक्ती, प्लास्टिकबंदी, करवसुली असे निकष पूर्ण करणाऱ्या ग्रामपंचायतींना लोकसंख्येप्रमाणे निधी मिळू लागला. २ ऑक्टोबर २०२० रोजी सुरू झालेले माझी वसुंधरा अभियान याच घराण्यातले. भूमी, जल, वायू, अग्नी, आकाश या पाच शीर्षकांखाली गावे आणि शहरे गुण मिळवतात आणि पहिल्या क्रमांकांना पर्यावरणाच्या कामासाठीच बक्षिसाची रक्कम मिळते. स्पर्धेतली अडचण अशी, की जे मोजता येते ते वाढते. २०१६ च्या १ जुलैला २ कोटी रोपांपासून सुरू झालेली वृक्षलागवड मोहीम २०१९ मध्ये ३३ कोटींच्या लक्ष्यापर्यंत गेली. खड्डे मोजले गेले, रोपे मोजली गेली. ती तिसऱ्या उन्हाळ्यापर्यंत जगवायला मात्र कोणाकडेही पाणी घालणाऱ्या माणसाचा पगार नव्हता.

जलयुक्त शिवारवर या पुस्तकात बरीच पाने आहेत, आणि ती असायलाच हवीत. ५ डिसेंबर २०१४ च्या शासन निर्णयाने सुरू झालेल्या या अभियानाने दरवर्षी पाच हजार गावे टंचाईमुक्त करायचे ठरवले. वेगवेगळ्या खात्यांच्या योजनांचे अभिसरण करून जिल्हाधिकाऱ्यांच्या हाती एकत्र निधी दिला. खात्यांच्या भिंती ओलांडण्याचा हा प्रयत्न धाडसाचा होता आणि त्याचे श्रेय द्यायला हवे. पण त्याच वेळी एक जुना वाद पेटला. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी नाले खोल आणि रुंद करून त्यावर बंधाऱ्यांची साखळी बांधली होती आणि तिथल्या विहिरींना पाणी आले होते. हा ‘शिरपूर पॅटर्न’ राज्यभर न्यावा असा आग्रह वाढला. विरोधकांचे म्हणणे असे, की शिरपूरचा भाग तापीकाठच्या जाड गाळाचा, तिथे जे चालते ते कठीण बेसॉल्टवर चालेलच असे नाही. नाल्याचा तळ खरवडला तर जलधर, म्हणजे पाणी धरून ठेवणारा थर, उघडा पडतो आणि वरच्या शेतकऱ्याचे पाणी खालच्या खड्ड्यात येते. अर्थतज्ज्ञ एच. एम. देसरडा यांनी याविरुद्ध उच्च न्यायालयात याचिका दाखल केली आणि माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली.

शास्त्रीय वाद आपल्या जागी. पण नाला खोलीकरण सगळीकडे का पसरले, याचे उत्तर भूगर्भात शोधण्याआधी हिशेबात शोधावे. पोकलेनने किती घनमीटर माती काढली ते संध्याकाळपर्यंत मोजता येते, त्याचे बिल काढता येते, फोटो लावता येतो. चर खोदायला माणसे आणि महिने लागतात. जमिनीत किती पाणी मुरले हे मोजायला तर वर्षे लागतात आणि त्यासाठी लेखाशीर्षच नाही. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा अहवाल सप्टेंबर २०२० मध्ये विधिमंडळात आला. ९ हजार ६३३ कोटी रुपये खर्चूनही गावे पाण्याच्या बाबतीत स्वयंपूर्ण करण्यात आणि भूजल पातळी वाढवण्यात अभियानाचा परिणाम फार थोडा झाला, असे त्यात म्हटले होते. त्यावर राजकारण पुष्कळ झाले. अहवालातून घ्यायचा धडा त्या गदारोळात बाजूला पडला : अडवलेल्या पाण्यावर कोणते पीक घ्यायचे याचा निर्णय कोणाकडेच नव्हता. बंधाऱ्यात पाणी दिसले की शिवारात नवी बोअर पडली आणि ऊस किंवा बाग वाढली. २०२३ मध्ये अभियानाचा दुसरा टप्पा सुरू झाला आहे. त्याची परीक्षा याच प्रश्नावर व्हावी.

जागतिक बँकेच्या कर्जातून २०१८ मध्ये सुरू झालेला नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प, म्हणजे पोकरा, वेगळ्या वळणाचा आहे. विदर्भ-मराठवाड्यातली आणि पूर्णा खोऱ्याच्या खारपाणपट्ट्यातली पाच हजारांहून अधिक गावे त्यात आली. ‘हवामान अनुकूल शेती’ हे नाव घेऊन राज्याने केलेला हा पहिला मोठा खर्च. आयआयटी मुंबईच्या मदतीने गावागावाचा पाण्याचा ताळेबंद मांडला गेला, ही मोठी गोष्ट. पण पैशाचा बराच भाग थेट शेतकऱ्याच्या खात्यावर गेला. ठिबक, शेततळे, शेडनेट यांसाठी. आधी स्वतः खर्च करायचा, मग अनुदान मिळायचे. ज्याच्याकडे आधी घालायला पैसा नाही, तो या रांगेत मागे राहतो. प्लास्टिकच्या अस्तराचे शेततळे विहिरीतून भरले गेले तर ते सगळ्यांचे भूजल उपसून एकाच्या मालकीचे करते. या प्रश्नावर या लेखसंग्रहातल्या लेखकांची मते एकमेकांशी जुळत नाहीत आणि ती तशीच ठेवली आहेत.

शहरांमधल्या अशा खर्चाचा इतिहास लहान आहे. मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर केला आणि २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे लक्ष्य ठेवले. जून २०२४ मध्ये तिचा पहिला हवामान अर्थसंकल्प आला. आधीपासून चालू असलेल्या नालेसफाई-पंपिंगच्या कामांना नवे नाव देणे आणि खरोखर नवा पैसा उभा करणे यांतला फरक नागरिकांना ओळखता यायला हवा. पंधराव्या वित्त आयोगाने दहा लाखांवरच्या शहरांना हवेच्या गुणवत्तेसाठी निधी दिला. ग्रामपंचायतींच्या अनुदानातला ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेला बांधून टाकला. बंधित निधीचा हेतू चांगला असतो, पण ज्या गावाची अडचण दरड किंवा खारे पाणी आहे, त्याला त्या चौकटीत आपला प्रश्न लिहायला जागा सापडत नाही.

याच्या उलट टोकाला पेसा कायद्याखालच्या आदिवासी गावांचा अबंध निधी आहे. आदिवासी उपयोजनेतला पाच टक्के पैसा थेट अनुसूचित क्षेत्रातल्या ग्रामपंचायतींना द्यायचा निर्णय राज्याने २०१५ मध्ये घेतला. गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला तेव्हापासून बांबू आणि तेंदूपत्त्याच्या उत्पन्नातून जंगल राखणाऱ्या ग्रामसभा उभ्या राहिल्या. तिथे सरकारी पैसा ग्रामसभेच्या स्वतःच्या पैशाला जोड म्हणून येतो. महाराष्ट्रातल्या पर्यावरणाच्या खर्चाचा विचार करताना या ग्रामसभांकडे पुरेसे पाहिले गेलेले नाही, असे मला ठामपणे वाटते.

एका गोष्टीकडे वाचकाने विशेष लक्ष द्यावे : देखभाल. भंडारा-गोंदियातले माजी मालगुजारी तलाव, लोक ज्यांना मामा तलाव म्हणतात, मालगुजारी संपल्यावर सरकारकडे आले. गावाची हक्काची दुरुस्ती थांबली, सरकारची सुरू झाली नाही, आणि तलाव गाळाने उथळ झाले. गोव्यातल्या खाजन, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या, जमिनींचे बांध आणि मानस (पाण्याची दारे) गांवकारी ही गावाची सामूहिक संस्था सांभाळत असे. कूळ कायद्यानंतर ती जबाबदारी कुळांच्या संघटनांवर आली, आणि फुटलेल्या बांधातून खारे पाणी शेतात शिरण्याचे प्रसंग वाढले. महाराष्ट्रात अनेक बंधाऱ्यांच्या फळ्या गंजून पडल्या आहेत. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांच्या फळ्या ऑक्टोबरात कोणी बसवायच्या आणि जूनपूर्वी कोणी काढायच्या, इतक्या साध्या कामासाठी वर्षाला किती रुपये ठेवायचे, याचे उत्तर बहुतेक तालुक्यांत मिळत नाही. नव्या बंधाऱ्याचे उद्घाटन करता येते. जुन्याची गळती बंद केल्याची बातमी होत नाही.

हे पुस्तक आत्ताच का, हे सांगितले पाहिजे. पाऊस बदलला आहे. ३ जून २०२० चे निसर्ग वादळ, २२ जुलै २०२१ चा चिपळूणचा पूर आणि त्याच दिवशी तळियेवर कोसळलेली दरड, जुलै २०२३ ची इर्शाळवाडीची दरड हे सगळे कोकणातले आणि सह्याद्रीच्या कुशीतले आहे, आणि राज्याच्या जवळपास सर्व योजना दुष्काळाच्या अनुभवातून घडलेल्या आहेत. पाणी अडवायला लेखाशीर्ष आहे. उतार स्थिर ठेवायला, वस्ती वेळेत हलवायला, नदीला पसरायला जागा ठेवायला ते शोधावे लागते. दुसरे कारण प्रशासकीय आहे. २०२० मध्ये राज्याच्या पर्यावरण विभागाच्या नावात ‘वातावरणीय बदल’ आला, पण २०२२ नंतर बराच काळ अनेक जिल्हा परिषदा आणि महापालिकांवर प्रशासक होते. निवडून आलेल्या संस्था नसतील तर वित्त आयोगाचे अनुदान अडकते, हा नियम असल्याने त्याची झळ सरळ कामांना बसली. २०२६ च्या एप्रिलपासून सोळाव्या वित्त आयोगाचा पाच वर्षांचा काळ आहे. पैशाच्या अटींवर बोलायची हीच वेळ आहे.

संग्रहातले लेखक एका मताचे नाहीत. मृदसंधारणात आयुष्य घालवलेले अभियंते आहेत, ग्रामसेवक आहेत, पाणलोट समितीवर काम केलेल्या बचत गटातल्या महिला आहेत, भूजलाचे अभ्यासक आहेत, लेखापरीक्षक आहेत. प्रत्येकाला एकच विनंती केली होती : एक काम निवडा आणि त्याचा पैसा प्रशासकीय मान्यतेपासून उपयोगिता प्रमाणपत्रापर्यंत, आणि पुढे पाच पावसाळे, तपासा. त्यामुळे काही लेख कोरडे वाटतील. ते तसेच वाचावेत असा माझा आग्रह आहे, कारण शाखा अभियंत्याने नोंदवहीत लिहिलेल्या एका ओळीत कधी कधी संपूर्ण योजनेची कहाणी असते. बायकांनी लिहिलेल्या लेखांकडे मी मुद्दाम बोट दाखवतो. चराईबंदीचा भार शेळ्या राखणाऱ्या घरांवर पडतो आणि कुऱ्हाडबंदीचा सरपण आणणाऱ्या बाईवर, ही गोष्ट आदर्श गावांच्या कथांत क्वचितच येते.

काही विषय राहिले आहेत. समुद्रकिनाऱ्याची धूपप्रतिबंधक बंधाऱ्यांची कामे, खाणपट्ट्यातल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा पैसा आणि भरपाई वनीकरणाचा निधी यांना स्वतंत्र पुस्तक लागेल. परिशिष्टात मात्र ग्रामसभेला उपयोगी पडेल असे साहित्य दिले आहे : आपल्या शिवारात झालेल्या कामाचे अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका आणि देयके माहितीच्या अधिकारात कशी मागावीत याचे नमुना अर्ज, विहिरीची पातळी वर्षातून चार वेळा नोंदवण्याचा तक्ता, आणि जिल्हा वार्षिक योजनेच्या मसुद्यावर हरकत नोंदवायची तर ती कोणत्या महिन्यात आणि कोणाकडे द्यायची, त्याचा क्रम. पुढचा मसुदा तयार होण्याआधी हे तक्ते ग्रामसभेसमोर यावेत, म्हणून ते फाडून वापरता येतील अशा सुट्या पानांवर छापले आहेत.